पार्क डिस्ट्रिक्टचे वित्तीय धोरण आणि निधी-लेखांकन : इलिनॉय राज्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

सार्वजनिक उद्यानांचा विचार सामान्यतः पर्यावरण, नगररचना किंवा लोकारोग्य या अंगांनी केला जातो. उद्यानांच्या हिशेबाचा विचार मात्र अभावानेच आढळतो. वस्तुतः उद्यान उघडे राहणार की बंद होणार, जलतरण तलावाची दुरुस्ती यंदा होणार की पाच वर्षांनी, मुलांच्या उन्हाळी शिबिराचे शुल्क किती असणार, हे सारे प्रश्न अखेरीस हिशेबाच्या वहीतच सुटतात किंवा अडतात. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात उद्यानांसाठी स्वतंत्र स्थानिक शासनसंस्था आहेत. त्यांना तेथे 'पार्क डिस्ट्रिक्ट' म्हणतात. या संस्थांचे हिशेब 'निधी-लेखांकन' या पद्धतीने ठेवले जातात. प्रस्तुत लेखात या पद्धतीचे स्वरूप स्पष्ट केले असून, संस्थेजवळची शिल्लक म्हणजे एक आकडा नव्हे, तर वेगवेगळ्या वचनांनी बांधलेल्या रकमांचा समूह होय, हा मुद्दा प्रामुख्याने मांडला आहे. ही वचने लेखी धोरणात उतरली नाहीत, तर हीच पद्धत पैसा जपण्याऐवजी लपवण्याचेही साधन बनू शकते.

पार्क डिस्ट्रिक्ट : संस्थेचे स्वरूप

'डिस्ट्रिक्ट' या शब्दामुळे मराठी वाचकासमोर महसुली जिल्हा उभा राहतो. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. पार्क डिस्ट्रिक्ट ही एकाच कामासाठी निर्माण केलेली, स्वतःच्या हद्दीत मालमत्ता कर आकारण्याचा अधिकार असलेली, नगरपालिकेहून वेगळी संस्था असते. इलिनॉयमध्ये अशा तीनशेहून अधिक संस्था आहेत. बहुतेकांचा कारभार मतदारांनी निवडून दिलेले पाच किंवा सात सदस्यांचे मंडळ पाहते. शिकागो शहराचा अपवाद आहे. तेथील मंडळाचे सदस्य महापौर नियुक्त करतात. शिकागो पार्क डिस्ट्रिक्टची स्थापना १९३४ मध्ये, महामंदीच्या काळात, शहरातील २२ स्वतंत्र उद्यानसंस्था एकत्र करून झाली. त्या २२ पैकी सर्वांत जुन्या तीन मंडळांची मुळे १८६९ सालच्या कायद्यांपर्यंत जातात.

आपल्याकडे उद्याने ही महानगरपालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या एका विभागाची बाब असते. उद्यानासाठी वेगळे निवडणूक मंडळ आणि वेगळा कर ही कल्पना आपल्याला अपरिचित आहे. तथापि महाराष्ट्रातील मालमत्ता कराच्या देयकात 'वृक्ष उपकर' अशी एक ओळ असते, ती पाहिली की या कल्पनेचे बीज लक्षात येते. विशिष्ट कामासाठी म्हणून घेतलेला पैसा त्याच कामावर खर्च व्हावा, एवढाच त्या ओळीचा अर्थ. पार्क डिस्ट्रिक्टच्या बाबतीत अशा ओळी अनेक असतात आणि प्रत्येकीमागे कायद्याचे वेगळे कलम असते.

निधी म्हणजे काय?

व्यापारी संस्थेच्या हिशेबाचा हेतू नफा मोजणे हा असतो. सार्वजनिक संस्थेला नफा मोजायचा नसतो. ज्या कामासाठी पैसा दिला गेला त्याच कामावर तो खर्च झाला काय, हे तिला दाखवावे लागते. म्हणून संस्थेचा हिशेब एका वहीत न ठेवता अनेक निधींमध्ये विभागला जातो. प्रत्येक निधी हा स्वतःची मालमत्ता, स्वतःची देणी आणि स्वतःची शिल्लक असलेला स्वयंपूर्ण हिशेब असतो. महाविद्यालयीन प्राध्यापकांना हे समजावयास दूर जाण्याची आवश्यकता नाही. ग्रंथालयासाठी मिळालेले अनुदान प्रयोगशाळेच्या उपकरणांवर खर्च करता येत नाही आणि वर्षअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते, हा अनुभव सर्वपरिचित आहे. निधी-लेखांकन म्हणजे हीच शिस्त संस्थेच्या संपूर्ण हिशेबाला लावणे होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. निधी आणि बँक खाते या दोन भिन्न गोष्टी आहेत. दहा निधींचा पैसा एकाच बँक खात्यात असू शकतो. विभागणी वहीत असते, तिजोरीत नव्हे. ही बाब वरकरणी क्षुल्लक वाटते, परंतु पुढे उल्लेखिलेल्या गैरप्रकारांचा उलगडा तिच्यावाचून होत नाही.

अमेरिकेतील राज्य व स्थानिक शासनसंस्थांसाठी लेखामानके ठरवण्याचे काम 'गव्हर्नमेंटल अकाउंटिंग स्टँडर्ड्स बोर्ड' ही संस्था १९८४ पासून करीत आहे. या मानकांनुसार निधींचे तीन मोठे वर्ग पडतात : शासकीय निधी, व्यवसायी निधी आणि विश्वस्त निधी. विश्वस्त निधीत इतरांच्या वतीने सांभाळलेला पैसा, उदाहरणार्थ कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन, येतो. त्याचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही.

शासकीय निधींत पहिला सर्वसाधारण निधी. इलिनॉयच्या पार्क डिस्ट्रिक्टमध्ये तो 'कॉर्पोरेट फंड' या नावाने ओळखला जातो. कार्यालय, बागकाम, देखभाल हा नित्याचा खर्च त्यातून होतो. त्यानंतर विशेष महसूल निधी येतात. क्रीडा व मनोरंजन कार्यक्रम, दायित्व विमा, लेखापरीक्षण, निवृत्तिवेतनाचा वाटा, वस्तुसंग्रहालय अशा अनेक कामांसाठी कायद्याने स्वतंत्र कर आकारता येतो आणि त्या प्रत्येक कराचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो. त्यापुढे रोख्यांचे मुद्दल व व्याज फेडण्यासाठी कर्जफेड निधी आणि मोठ्या बांधकामांसाठी भांडवली प्रकल्प निधी असतो.

यांपैकी एका निधीचा निर्देश विशेषत्वाने केला पाहिजे. अपंग व्यक्तींसाठीच्या मनोरंजन कार्यक्रमांकरिता इलिनॉयमधील पार्क डिस्ट्रिक्ट करपात्र मूल्याच्या ०.०४ टक्क्यांपर्यंत वेगळा कर आकारू शकते. सामान्यतः अनेक शेजारी डिस्ट्रिक्ट एकत्र येऊन त्यासाठी संयुक्त संघटना चालवतात, कारण एकट्या छोट्या संस्थेला प्रशिक्षित कर्मचारी ठेवणे परवडत नाही. १९९० च्या अपंगत्वविषयक संघीय कायद्यानंतर उद्यानांतील रस्ते, खेळांची साधने, प्रसाधनगृहे सर्वांना वापरता येतील अशी करणे बंधनकारक झाले आणि त्या खर्चाचा काही भार या निधीवर टाकला जाऊ लागला. हा कर राज्याच्या सर्वसाधारण करमर्यादेबाहेर असल्यामुळे येथे एक मोह उत्पन्न होतो. नवे क्रीडांगण बांधताना त्यातील किती खर्च 'सुगम्यतेचा' आणि किती 'साधा', ही रेषा सोयीनुसार सरकवता येते. रबरी जमीन आणि उतारमार्ग यांचा खर्च या निधीत टाकणे रास्त आहे. संपूर्ण क्रीडांगणच त्यात टाकणे म्हणजे ज्यांच्या नावाने कर घेतला त्यांच्या कार्यक्रमांचा पैसा इतरत्र वळवणे होय. ही रेषा कायदा प्रत्येक वेळी आखून देत नाही. म्हणून खर्चविभागणीचे सूत्र मंडळाच्या धोरणात आधीच लिहिलेले असावे लागते.

गोल्फ मैदानाचा प्रश्न

व्यवसायी निधीत शुल्कावर चालणारे उपक्रम येतात. पार्क डिस्ट्रिक्टच्या संदर्भात याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे गोल्फ मैदान किंवा बर्फावरील स्केटिंगची बंदिस्त जागा. लेखामानकांनुसार बाहेरच्या व्यक्तींकडून शुल्क घेणारा कोणताही उपक्रम या वर्गात दाखवता येतो. मात्र केवळ शुल्काच्या तारणावर कर्ज घेतलेले असेल, किंवा शुल्कातून घसाऱ्यासह सर्व खर्च भरून काढण्याचे कायद्याचे वा धोरणाचे बंधन असेल, तर तो तेथे दाखवावाच लागतो.

ही निवड केवळ तांत्रिक नाही. गोल्फ मैदान मनोरंजन निधीत ठेवले, तर त्याचा तोटा पोहण्याच्या वर्गांच्या आणि शिबिरांच्या आकड्यांत मिसळून जातो. शासकीय निधीत घसारा दाखवला जात नसल्यामुळे जीर्ण होत चाललेली सिंचनव्यवस्थाही दिसत नाही. तेच मैदान व्यवसायी निधीत आणले की घसारा, व्याज, मजुरी सारे एकत्र येते आणि प्रत्येक खेळीमागे करदाते किती भर घालीत आहेत हे उघड होते. अनेक मंडळांना हे उघड होणे नकोसे वाटते. मैदानाला अनुदान देणे गैर आहे असे नाही. नगरातील सर्व मोकळ्या जागांना कोणी ना कोणी पैसा पुरवतच असतो. परंतु अनुदान द्यावयाचे तर ते आकड्यासह, ठरावाने आणि निधी-हस्तांतरण म्हणून दाखवून द्यावे.

मोजमापाचे दोन आधार

निधी-लेखांकनात नवख्या वाचकाला सर्वाधिक गोंधळात टाकणारी बाब म्हणजे एकाच संस्थेचे हिशेब दोन भिन्न आधारांवर मांडले जातात. शासकीय निधींसाठी 'सुधारित उपार्जित पद्धत' वापरतात. तीत उत्पन्न मोजता येण्याजोगे आणि चालू देणी भागवण्यास वेळेत उपलब्ध होणारे असेल तरच धरले जाते. मालमत्ता कराच्या बाबतीत ही मुदत वर्षअखेरीनंतर ६० दिवसांची असते. या पद्धतीत इमारत बांधली तर तिचा संपूर्ण खर्च त्याच वर्षी दिसतो आणि कर्जाच्या मुद्दलाची फेडही खर्च म्हणूनच नोंदली जाते. थोडक्यात, हातात खेळता पैसा किती याचे हे चित्र आहे.

१९९९ च्या ३४ क्रमांकाच्या मानकाने या चित्राशेजारी दुसरे चित्र ठेवणे बंधनकारक केले. त्यात संपूर्ण संस्थेचा हिशेब पूर्ण उपार्जित पद्धतीने मांडला जातो : इमारती, रस्ते, तलाव ही मालमत्ता म्हणून, त्यांवर घसारा, आणि दीर्घकालीन कर्ज हे देणे म्हणून. पुढे २०१२ च्या ६८ क्रमांकाच्या मानकाने निवृत्तिवेतनाचे निव्वळ दायित्वही या चित्रात आणले. खेळता पैसा विपुल असलेली संस्था दीर्घकालीन दृष्टीने किती खोल खड्ड्यात आहे, हे यामुळे दिसू लागले. दोन्ही चित्रांतील फरक जुळवून दाखवणारा तक्ता अहवालात द्यावा लागतो. मंडळाचे सदस्य तो बहुधा वाचीत नाहीत. वाचावा असा मात्र तोच एक तक्ता असतो.

एक साधे उदाहरण येथे पुरेसे होईल. उन्हाळी शिबिराचे शुल्क पालक मार्चमध्ये भरतात, शिबिर जूनमध्ये सुरू होते. संस्थेचे आर्थिक वर्ष ३० एप्रिलला संपत असेल, तर हा पैसा बँकेत असूनही उत्पन्न ठरत नाही. ते पालकांचे देणे असते, कारण शिबिर रद्द झाले तर तो परत करावा लागेल. हे न पाळणाऱ्या संस्थेला दर एप्रिलअखेर आपण सुस्थितीत आहोत असे वाटते आणि दर ऑगस्टमध्ये आश्चर्य वाटते.

शिल्लक : पाच प्रकारची

२००९ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या ५४ क्रमांकाच्या मानकाने शासकीय निधींच्या शिलकेचे पाच वर्ग ठरवून दिले. पहिला वर्ग खर्चच न करता येण्याजोग्या शिलकेचा, उदाहरणार्थ गोदामातील साहित्य किंवा आगाऊ भरलेला विमा. दुसरा निर्बंधित शिलकेचा, म्हणजे कायद्याने, रोखेधारकांशी झालेल्या कराराने किंवा देणगीदाराच्या अटीने बांधलेला पैसा. तिसरा वचनबद्ध शिलकेचा, म्हणजे मंडळाने स्वतःच्या सर्वोच्च प्रकारच्या ठरावाने राखून ठेवलेला पैसा. तो मोकळा करण्यासाठीही तसाच ठराव लागतो. चौथा नियोजित शिलकेचा. येथे केवळ हेतू असतो आणि तो मंडळाने नेमलेला अधिकारीही व्यक्त करू शकतो. पाचवा उरलेल्या, अनियोजित शिलकेचा.

या वर्गीकरणाचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. एका पार्क डिस्ट्रिक्टच्या सर्व शासकीय निधींची एकत्रित शिल्लक ८० लाख डॉलर आहे असे समजू. करनिश्चितीच्या सुनावणीत एक नागरिक उठून विचारतो, "बँकेत ८० लाख असताना कर कशासाठी वाढवता?" प्रश्न बिनतोड वाटतो. आता विभागणी पाहू. ३५ लाख हे समाजकेंद्राच्या बांधकामासाठी काढलेल्या रोख्यांचे अद्याप खर्च न झालेले पैसे आहेत. ९ लाख कर्जफेड निधीत आहेत. ६ लाख अपंगांसाठीच्या मनोरंजन निधीत आहेत. हे ५० लाख निर्बंधित असून त्यांना हात लावता येत नाही. १२ लाख मंडळाने जलतरण तलावाच्या पुनर्बांधणीसाठी ठराव करून भांडवली प्रकल्प निधीत ठेवले आहेत. ५ लाख मनोरंजन निधीत नियोजित आहेत. सर्वसाधारण निधीत १ लाखाचे साहित्य व आगाऊ विमा आणि १२ लाख अनियोजित शिल्लक आहे. ८० लाखांतून कोणत्याही आकस्मिक खर्चाला मोकळेपणाने वापरता येतील असे केवळ हे १२ लाख.

ते पुरेसे आहेत काय? 'गव्हर्नमेंट फायनान्स ऑफिसर्स असोसिएशन' या संस्थेची शिफारस अशी की सर्वसाधारण निधीतील अनिर्बंधित शिल्लक किमान दोन महिन्यांच्या नियमित उत्पन्नाइतकी किंवा खर्चाइतकी असावी. या डिस्ट्रिक्टच्या सर्वसाधारण निधीचा वार्षिक खर्च ९० लाख असेल, तर दोन महिन्यांचे १५ लाख होतात. म्हणजे ८० लाख शिल्लक दाखवणारी ही संस्था किमान मर्यादेपेक्षा ३ लाखांनी खाली आहे. नागरिकाचा प्रश्न खोटा नव्हता. त्याला दिलेला आकडाच अपुरा होता.

दोन महिन्यांची मर्यादाही सर्वत्र पुरेशी ठरते असे नाही. इलिनॉयमध्ये मालमत्ता कर एक वर्ष मागाहून गोळा होतो. कुक परगण्यात, म्हणजे शिकागो आणि त्याच्या उपनगरांत, पहिला हप्ता आदल्या वर्षीच्या एकूण कराच्या ५५ टक्के असतो आणि उर्वरित रक्कम दुसऱ्या हप्त्यात येते. त्याची नेहमीची मुदत १ ऑगस्ट असते. २०२२ मध्ये ही देयके इतकी लांबली की मुदत ३० डिसेंबरवर गेली. पार्क डिस्ट्रिक्टचा खर्च मात्र उन्हाळ्यात शिखरावर असतो. हंगामी जीवरक्षक, शिबिरांचे शिक्षक, गवत कापणारे मजूर यांचे वेतन डिसेंबरपर्यंत थांबत नाही. पाच महिन्यांच्या या विलंबात ज्या संस्थांजवळ शिल्लक होती त्यांनी ती वापरली. जिच्याजवळ ती नसते तिला अशा वेळी अल्पमुदतीचे कर्ज काढून व्याज भरण्यावाचून मार्ग नसतो. अशा प्रदेशात दोन महिन्यांचा ठोकळ नियम तसाच उचलण्याऐवजी आपल्या रोख प्रवाहाचा महिनावार आलेख काढून मर्यादा ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे.

याउलट शिल्लक फार मोठी ठेवण्यासही अडसर आहे. कर आवश्यकतेहून अधिक घेऊन पैसा साठवणे लोकहिताविरुद्ध आहे, अशी भूमिका इलिनॉयच्या न्यायालयांनी घेतली असून, एखाद्या निधीतील साठा वार्षिक खर्चाच्या कित्येक पट झाल्यास करदाते त्या करावर हरकत घेऊ शकतात. येथेही विचार निधीगणिक होतो. एका निधीतील साठा दुसऱ्या निधीतील तुटीचे कारण सांगून समर्थनीय ठरत नाही. म्हणून शिलकेच्या धोरणात खालची मर्यादा जितकी हवी तितकीच वरचीही हवी आणि मर्यादा ओलांडली गेल्यास जादा पैशाचे काय करावयाचे, हेही लिहिलेले हवे.

कर आणि अंदाजपत्रक

कार्यपद्धतीचा भाग येथे संक्षेपाने सांगता येईल. पार्क डिस्ट्रिक्टने आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत अंदाजपत्रक व विनियोजनाचा ठराव संमत करावा लागतो. त्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो आणि जाहीर सुनावणी घ्यावी लागते. कराचा ठराव डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत परगण्याच्या लिपिकाकडे दाखल करावयाचा असतो. आदल्या वर्षापेक्षा कराची मागणी पाच टक्क्यांहून अधिक वाढवायची असेल तर वर्तमानपत्रात सूचना देऊन वेगळी सुनावणी घ्यावी लागते. याखेरीज १९९१ मध्ये शिकागोभोवतीच्या परगण्यांना आणि १९९५ मध्ये कुक परगण्याला लागू झालेल्या कायद्यानुसार एकूण करवाढ महागाईचा दर किंवा पाच टक्के यांपैकी जे कमी असेल त्यापुरतीच करता येते. नव्या बांधकामांवरील कर या मर्यादेबाहेर असतो.

मर्यादा घातली की पैसा वाट काढतो. इलिनॉयमधील पार्क डिस्ट्रिक्टना करपात्र मूल्याच्या ०.५७५ टक्क्यांपर्यंत रोखे मतदारांचा कौल न घेता काढता येतात. एकूण कर्जाची मर्यादा २.८७५ टक्के आहे. करमर्यादा लागू असलेल्या परगण्यांत अशा रोख्यांच्या वार्षिक फेडीसाठीच्या करावरही आणखी एक मर्यादा आहे. त्यातून अनेक डिस्ट्रिक्टमध्ये एक प्रथा पडली आहे : दरवर्षी एका वर्षाच्या मुदतीचे रोखे काढायचे, तो पैसा भांडवली दुरुस्त्यांवर खर्च करायचा, पुढील वर्षीच्या करातून ते फेडायचे आणि पुन्हा तितकेच रोखे काढायचे. कागदावर हे कर्ज असते. व्यवहारात तो भांडवली कामांसाठीचा कायमचा कर असतो. या प्रथेत बेकायदेशीर काही नाही आणि तिच्यावाचून अनेक क्रीडांगणांची छपरे गळत राहिली असती. परंतु कर्जफेड निधीचा ताळेबंद वाचणाऱ्याला ही संस्था दरवर्षी कर्ज फेडते आहे असे वाटावे आणि प्रत्यक्षात तिची सवय वाढत जावी, ही विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. चांगल्या धोरणात अशा रोख्यांतून नित्याचे वेतन भागवण्यास स्पष्ट मनाई असते.

एकरकमी उत्पन्नाचे काय करावे?

नित्याच्या खर्चासाठी नित्याचे उत्पन्न, हे वित्तीय धोरणाचे जुने सूत्र आहे. त्याची कसोटी अचानक मोठी रक्कम हाती आली की लागते. २००६ मध्ये शिकागोच्या मध्यवर्ती भागातील चार भूमिगत वाहनतळ मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेला ९९ वर्षांच्या कराराने ५६.३ कोटी डॉलरला देण्यात आले. त्यांपैकी तीन वाहनतळ पार्क डिस्ट्रिक्टच्या मालकीचे होते आणि त्यापोटी तिला सुमारे ३४.८ कोटी डॉलर मिळाले. वाहनतळाचे दरसालचे उत्पन्न मात्र थांबले. या रकमेतून काही कर्ज मुदतीपूर्वी फेडण्यात आले. सुमारे १२.२ कोटी वस्त्यांमधील उद्यानांच्या सुधारणेसाठी आणि ३.५ कोटी एका वाहनतळावरील उद्यानाच्या पुनर्रचनेसाठी बाजूला काढण्यात आले. त्याच जागी पुढे २०१४ मध्ये मॅगी डेली पार्क खुले झाले. सुमारे १२ कोटींचा दीर्घकालीन राखीव निधी उभारण्यात आला, जेणेकरून त्याच्या व्याजातून बुडालेले वार्षिक उत्पन्न भरून निघावे.

ही विभागणी विचारपूर्वक केलेली होती. एकरकमी पैसा वेतनात विरून जाऊ दिला नाही, हे तिचे श्रेय. पण व्याजावर उभी केलेली योजना व्याजदरावर अवलंबून राहते. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने आपला अल्पकालीन दर जवळजवळ शून्यावर आणला आणि अशा सर्वच ठेवींचे मूळ गणित बिघडले. वाहनतळाचे भाडे महागाईबरोबर वाढते, ठेवीचे मुद्दल तसे वाढत नाही. शिवाय वचनबद्ध राखीव निधीला मंडळ जसे बांधते तसेच सोडवूही शकते. त्याभोवतीची भिंत कायद्याची नसून ठरावाची असते, आणि अडचणीच्या वर्षी पहिली नजर तिच्यावरच जाते.

निधींच्या भिंतीआड

पैशाभोवती भिंती घालण्याचा हेतू त्याचे रक्षण करणे हा असला, तरी भिंतीआड पैसा दिसेनासाही होऊ शकतो. पार्क डिस्ट्रिक्ट नव्हे, पण तत्सम अशा एका राज्यपातळीवरील उद्यान विभागाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. २०११ च्या मे महिन्यात कॅलिफोर्निया राज्याने तुटीमुळे ७० राज्य उद्याने बंद करण्याची घोषणा केली. स्थानिक नागरिकांनी व स्वयंसेवी संस्थांनी देणग्या गोळा करून अनेक उद्याने वाचवण्याची खटपट केली. जुलै २०१२ मध्ये असे उघडकीस आले की या विभागाच्या दोन विशेष निधींत मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलर अर्थखात्याला न कळवता पडून होते. विभाग राज्याच्या लेखानियंत्रकाला एक शिल्लक कळवीत होता आणि अर्थखात्याला दुसरी. विभागाच्या संचालकांना पद सोडावे लागले.

या रकमेपैकी मोठा भाग, सुमारे ३.३५ कोटी, कच्च्या रस्त्यांवरील मोटारवाहन क्रीडेसाठीच्या न्यासनिधीत होता. तो तसाही बंद होणाऱ्या उद्यानांवर मोकळेपणाने खर्च करता आला नसता. प्रत्यक्ष उपयोगी पडू शकणारे सुमारे २ कोटीच होते. तरीही देणगीदारांच्या दृष्टीने हा भेद गौण ठरला. विश्वास एकदा तुटला की शिलकेचे वर्ग समजावून सांगण्याची वेळ निघून गेलेली असते. पैसा चोरीस गेला नव्हता. तो केवळ दोन कार्यालयांना दोन आकड्यांत दाखवला जात होता आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते.

दुसरे उदाहरण चोरीचे आहे आणि ते इलिनॉयमधीलच डिक्सन या सुमारे १६ हजार वस्तीच्या नगराचे आहे. तेथील वित्तनियंत्रक अधिकाऱ्याने १९९० मध्ये नगराच्या नावाने एक गुप्त बँक खाते उघडले. खात्याच्या नावात 'राखीव', 'मलनिःसारण', 'भांडवली विकास' असे शब्द होते. ते एखाद्या भांडवली निधीचे खाते आहे असेच कोणासही वाटले असते. नगराच्या खऱ्या निधींतील पैसा खोट्या देयकांच्या आधारे तिकडे वळवला जाई, आणि नगरपरिषदेला सांगितले जाई की राज्याकडून पैसे उशिरा येत असल्यामुळे काटकसर करावी लागत आहे. २०१२ मध्ये अटक होईपर्यंत ५.३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गेली होती. दरवर्षी लेखापरीक्षण होत होते. हा प्रकार उघड झाला तो संबंधित अधिकारी रजेवर असताना नगराच्या लिपिकेने बँकेकडून सर्व खात्यांची विवरणे मागवली तेव्हा. २०१३ मध्ये न्यायालयाने सुमारे साडेएकोणीस वर्षांची शिक्षा दिली. त्याच वर्षी लेखापरीक्षक संस्था व बँक यांच्याशी झालेल्या तडजोडीतून नगराला ४ कोटी डॉलर परत मिळाले.

या प्रकरणात निधींची नावे, ठराव, अहवाल सारे यथासांग होते. नव्हती ती कामांची विभागणी. पैसे स्वीकारणारी, देयके मंजूर करणारी, धनादेशावर सही करणारी आणि बँकेचा ताळमेळ घालणारी व्यक्ती एकच होती. मोठ्या पार्क डिस्ट्रिक्टमध्ये ही कामे चार हातांत देणे शक्य असते. लहान डिस्ट्रिक्टमध्ये कार्यालयात दोनच माणसे असतात आणि उन्हाळ्यात तलावाच्या खिडकीवर रोख पैसे घेणारे विद्यार्थी असतात. अशा ठिकाणी काही साध्या तरतुदी धोरणात लिहून ठेवता येतात : बँकेची विवरणे न उघडलेल्या स्थितीत मंडळाच्या कोषाध्यक्षाकडे थेट जावीत, संस्थेच्या नावे असलेल्या सर्व खात्यांची यादी बँकेकडून वर्षातून एकदा स्वतंत्रपणे मागवावी, हिशेब पाहणाऱ्या व्यक्तीने वर्षातून किमान एक सलग आठवडा रजा घ्यावी व त्या काळात तिचे काम दुसऱ्याने करावे, आणि खिडकीवरील पावत्यांचे क्रमांक रोजच्या भरण्याशी पडताळावेत.

आंतरनिधी व्यवहारांचीही अशीच नोंद हवी. एका निधीतून दुसऱ्या निधीला दिलेली रक्कम उसनवार आहे की कायमचे हस्तांतरण, हे देतानाच ठरले पाहिजे. वाजवी मुदतीत परत येण्याची अपेक्षा नसलेली उसनवार ही लेखामानकांच्या दृष्टीने उसनवार राहत नाही, ती हस्तांतरण म्हणूनच दाखवावी लागते. अनेक वर्षे 'येणे' म्हणून पुढे ओढलेली अशी एखादी रक्कम ताळेबंदात आढळली, तर मंडळाच्या सदस्याने लेखापरीक्षकाला पहिला प्रश्न तिच्याविषयीच विचारावा. ती फेडणारा निधी कोणता, कोणत्या उत्पन्नातून आणि कोणत्या वर्षापर्यंत, याचे उत्तर एका वाक्यात मिळाले नाही, तर निर्बंधित पैसा आधीच दुसऱ्या कामावर खर्च झालेला असण्याचा संभव असतो.